उतारा उघडतो, पण वाचता येतो का?

ए-फोर कागद 210 मिलिमीटर रुंद असतो. खिशातल्या मोबाइलचा पडदा जेमतेम 65 ते 70 मिलिमीटर. पीडीएफ उघडली की मोबाइल पानाची अख्खी रुंदी पडद्यात कोंबतो आणि कागदावरचे 12 पॉइंटचे अक्षर 4 पॉइंटांवर येते. एवढ्या टायपात पुस्तक छापायला कोणताही छापखाना धजणार नाही. त्यातही आपल्या लिप्यांना ही कपात जास्त जाचते. देवनागरीत अनुस्वार, रफार, ऋकार हे सगळे मुख्य अक्षराच्या वर-खाली, त्याहून बारीक असतात. कन्नडमध्ये जोडाक्षरातले दुसरे व्यंजन अक्षराखाली लहान करून लिहितात. अक्षर तिपटीने आक्रसले की पहिल्यांदा गायब होतात ती हीच चिन्हे, आणि नावातला फरक नेमका त्यांच्यातच असतो. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी या पट्ट्यातल्या माणसाचे रोजचे वाचन आता बहुतेक याच मापात चालते. जमिनीचा उतारा, कर्नाटक पाठ्यपुस्तक संस्थेने काढलेली मराठी माध्यमाची पुस्तके, शिवाजी विद्यापीठाच्या दूरशिक्षणाचे साहित्य, न्यायालयाचा आदेश, शाळेचे परिपत्रक, वर्तमानपत्राची ई-आवृत्ती, सगळे व्हॉट्सॲपवरून किंवा संकेतस्थळावरून येते आणि तळहाताएवढ्या पडद्यावर उघडते. उघडते म्हणजे वाचता येते, असे आपण गृहीत धरून बसलो आहोत.

पानाचा आकार, रंग, मांडणी आपल्या डोळ्यांना आणि आपल्या कामाला जुळवून घेणे हा विषय किरकोळ वाटतो. 'व्ह्यू' नावाच्या मेनूत काय काय दडले आहे यावर वर्तमानपत्रात लिहावे, इतके त्याचे वजन नाही असे अनेकांना वाटेल. पण ज्या भागात सरकारी कागद एका लिपीत येतो, शाळेचे पुस्तक दुसऱ्या लिपीत, आणि दोन्ही वाचायला एकच छोटा पडदा असतो, तिथे ही जुळवाजुळव हौसेची राहत नाही. स्वतःचाच कागद स्वतः वाचता येण्याची ती पहिली अट आहे. आणि ती पुरी करण्याचा भार आज जवळजवळ सगळा वाचकावर पडतो, तर फाइल बनवणारे कार्यालय, मंडळ, विद्यापीठ त्यातून नामानिराळे राहते. भार उलटा असायला हवा, एवढेच या लेखाचे म्हणणे आहे.

आधी वाचकाच्या हाती काय आहे ते पाहू. पीडीएफ हा प्रकार अडोबी कंपनीने 1993 मध्ये आणला. कोणत्याही संगणकावर, कोणत्याही प्रिंटरवर पान हुबेहूब तसेच दिसावे, हा त्यामागचा हेतू. 2008 मध्ये त्याला आयएसओचे खुले मानक मिळाले. पान हलू नये म्हणून बनवलेली ही रचना. पण ते पान पाहण्याच्या पद्धती मात्र तिने पहिल्यापासून मोकळ्या ठेवल्या. पानाची रुंदी पडद्याला जुळवा, अख्खे पान दाखवा किंवा खरे माप दाखवा; एकेक पान उलटा किंवा अखंड सरकवा; दोन पाने शेजारी मांडा आणि मुखपृष्ठ वेगळे धरा; दृश्य फिरवा; पार्श्वभूमीचा रंग बदला; डाव्या बाजूला प्रकरणांची यादी किंवा पानांच्या छोट्या प्रतिमा उघडा. अडोबीचे रीडर असो, ब्राउझरमधला दर्शक असो की सुमात्रा, ओक्युलरसारखी फुकट साधने असोत, थोड्याफार फरकाने हे सगळे त्यांच्यात मिळते. त्याहून महत्त्वाची आणि कमी ठाऊक असलेली गोष्ट अशी, की फाइल कशी उघडावी हे फाइलमध्येच लिहून ठेवता येते. एकेक पान उघडावे की अखंड, दोन पाने असल्यास विषम पान उजवीकडे यावे का, उघडताच प्रकरणांची यादी दिसावी का, हे बनवणारा ठरवू शकतो. त्याला दोन मिनिटांचे काम. सरकारी फायलींत मात्र ते केलेले क्वचितच आढळते.

आता उताऱ्याकडे येऊ, कारण सीमाभागात सर्वाधिक उघडला जाणारा कागद तोच. कर्नाटकाने 'भूमी' प्रकल्पातून जमिनीच्या नोंदी संगणकावर आणल्या, त्याला आता दोन दशकांहून अधिक काळ लोटला. देशभर गाजलेला हा प्रकल्प. हस्तलिखित उताऱ्यासाठी हेलपाटे घालण्याचा काळ त्याने संपवला, हे श्रेय त्याला द्यायलाच हवे. पण नाडकचेरीतून किंवा ग्राम वन केंद्रातून मिळणारा, अथवा मोबाइलवर उतरवलेला हा उतारा (आरटीसी) म्हणजे अनेक रकान्यांचा रुंद तक्ता आहे, आणि तो कन्नडमध्ये आहे. 9 व्या रकान्यात मालकाचे नाव आणि क्षेत्र, 10 व्यात ती मालकी कशी आली याची नोंद, 11 व्यात इतर हक्क आणि बोजा. मोबाइलवर वाचणारा माणूस काय करतो? दोन बोटांनी पान मोठे करतो, 9 व्या रकान्यात आपले नाव शोधतो, ते सापडले की सुटकेचा श्वास टाकतो. सोसायटीचे किंवा बँकेचे कर्ज नोंदलेला 11 वा रकाना पडद्याबाहेर उजवीकडे राहतो. पान मोठे केल्यावर रकान्यांची शीर्षके वर निघून जातात, त्यामुळे समोरचा आकडा कशाचा हेही कळेनासे होते. क्षेत्राचे तर विचारूच नका. कर्नाटकात ते एकर-गुंठे-आण्यांत लिहितात आणि 40 गुंठ्यांचा एकर असतो, म्हणजे 2.20 ही दशांश संख्या नव्हे, ते अडीच एकर. मधला बिंदू 4 पॉइंटांत दिसला नाही तर वाचायचे काय? ज्याची थोडी जमीन निपाणीकडे आणि थोडी पलीकडे कागल तालुक्यात आहे, त्याला पलीकडचा सातबारा हेक्टर-आरमध्ये मिळतो. एकाच माणसाने दोन राज्यांचे, दोन लिप्यांचे, दोन मापांचे तक्ते एकाच पडद्यावर ताडून पाहायचे. अशा वेळी मोबाइल आडवा केला की पडद्याची रुंदी साधारण 150 मिलिमीटर होते आणि 12 पॉइंटचे अक्षर साडेआठ पॉइंटांपर्यंत येते. वाचता येईल इतके. ही साधी युक्ती अनेकांना माहीत नाही, कारण मोबाइलमधले आपोआप फिरणे एकदा बंद केलेले असते आणि मग ते कायमचे बंदच राहते.

तक्त्याचे हे झाले. सलग वाचनाचे गणित निराळे. इथे अभ्यासकांनी केलेले काम हाताशी आहे. 2018 मध्ये स्पेन आणि इस्रायलमधल्या संशोधकांनी 54 अभ्यासांचा, 1,70,000 हून अधिक वाचकांचा एकत्रित आढावा घेतला. कागदावर वाचणाऱ्यांना मजकूर अधिक समजतो आणि वेळेची घाई असेल तर ही तफावत वाढते, असे त्यांना दिसले. त्याआधी 2009 मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासाने दाखवले होते, की अखंड सरकवत वाचण्यापेक्षा पानापानांनी वाचले तर समज चांगली राहते, आणि ज्यांची तात्पुरती स्मरणशक्ती कमी त्यांना सरकवण्याचा तोटा अधिक होतो. कारण समजण्याजोगे आहे. पुस्तक वाचताना 'डाव्या पानावर, खालच्या बाजूला' अशी जागेची खूण मनात राहते. सरकत्या मजकुराला जागाच नसते. मराठी माध्यमातल्या सातवी-आठवीच्या मुलाला इतिहासाचा धडा मोबाइलवर वाचावा लागत असेल, तर निदान 'एकेक पान' ही मांडणी लावून देणे हे शिक्षकाचे किंवा पालकाचे एका स्पर्शाचे काम आहे. संगणक असेल तर दोन पाने शेजारी मांडावीत. पण मग मुखपृष्ठ वेगळे धरण्याची खूण करायला विसरू नये. नाहीतर पहिले पान दुसऱ्याला चिकटते, पुढच्या सगळ्या जोड्या मोडतात, आणि दोन पानांवर पसरलेला नकाशा अर्धा इकडे अर्धा तिकडे जातो. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने फुकट खुली केलेली पुस्तके संगणकावर वाचणाऱ्यांनाही हाच अनुभव येऊ शकतो, आणि दोष पुस्तकाचा नसतो.

रंगाच्या बाबतीत मात्र लोकांना फार ठाम मते असतात. काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरे डोळ्यांना बरी, असा समज इतका पसरला आहे की अनेकांचा मोबाइल दिवसरात्र त्याच अवस्थेत असतो. जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फच्या संशोधकांनी 2013 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तरुण आणि वृद्ध अशा दोन्ही गटांना उलटाच अनुभव आला: उजळ पार्श्वभूमीवरची गडद अक्षरे त्यांनी अधिक अचूक वाचली. उजेडात बाहुली लहान होते आणि प्रतिमा रेखीव पडते, हे त्याचे कारण सांगितले जाते. भर उन्हात बांधावर उभे राहून नकाशा पाहणाऱ्याला काळा पडदा म्हणजे आरसाच. पण याचा अर्थ काळी पार्श्वभूमी वाईट, असाही नाही. मोतीबिंदू असलेल्या किंवा उजेड सहन न होणाऱ्या डोळ्यांना तीच सोसते. रात्री अंथरुणावर वाचणाऱ्यालाही ती बरी वाटते. स्कॅन केलेल्या जुन्या पिवळ्या पानांवर ती लावली तर छायाचित्रांची निगेटिव्ह होते आणि डागांसकट सगळे उलटे दिसते, हेही खरे. सर्वांना एकच योग्य अशी अवस्था नाही, म्हणूनच निवड वाचकाकडे हवी.

आणि इथेच गोष्ट अडते. वर सांगितलेल्या सोयींपैकी मोठे-लहान करणे, फिरवणे, रंग उलटा करणे या कोणत्याही फाइलवर चालतात. सर्वांत उपयोगी सोय, म्हणजे पान मोडून मजकूर पडद्याच्या रुंदीत नव्याने ओतणे, जेणेकरून अक्षर हवे तेवढे मोठे करता येते आणि ओळ डावी-उजवी सरकवावी लागत नाही, ती चालते फक्त फाइलमध्ये खराखुरा मजकूर असेल तर. मोठ्याने वाचून दाखवणे, शब्द शोधणे, उतरवून घेणे हेही त्यावरच अवलंबून. आपल्याकडच्या फायली तपासायच्या असतील तर एखाद्या शब्दावर बोट दाबून धरावे. शब्द निवडला गेला नाही तर ते पानाचे छायाचित्र आहे. निवडला गेला तर तो दुसरीकडे चिकटवून पाहावा. मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा काला दिसला, तर मजकूर युनिकोडपूर्व काळातल्या फॉन्टमध्ये टंकला आहे. मराठीत श्रीलिपी आणि तिच्या पिढीतल्या इतर साधनांनी, कन्नडमध्ये नुडी आणि बरहाने एके काळी मोठे काम केले. त्यांच्यामुळेच संगणकावर या भाषा लिहिल्या गेल्या. पण त्यांचे जुने फॉन्ट म्हणजे इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली देवनागरी किंवा कन्नड चित्रे. माणसाला ती वाचता येतात, यंत्राला नाही. देवनागरी युनिकोडमध्ये 1991 पासून आहे. चौतीसहून अधिक वर्षे झाली, आणि अजून कार्यालयांच्या टेबलावर जुने फॉन्ट आहेत. युनिकोडात टंकलेल्या मजकुराची पीडीएफ करतानाही काळजी लागते: पीडीएफ अक्षरे नव्हे तर त्यांचे आकार साठवते, त्यामुळे ऱ्हस्व वेलांटी आणि रफार नव्याने ओतताना जागा सोडतात. यावर उपाय आहे. तीच माहिती साध्या वेबपानावर किंवा ईपब रूपातही द्यावी. वाईच्या मराठी विश्वकोशाने 20 खंडांचा मजकूर संकेतस्थळावर नोंदीनोंदीने खुला केला आहे; तिथे चाळिशी उलटलेल्या वाचकाला छापील पानाचे दोन रकाने बोटाने ढकलत बसावे लागत नाही. विश्वकोशाला जे जमले ते एका पानाच्या परिपत्रकाला का जमू नये?

हे सदिच्छेवर सोडलेलेही नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 मध्ये आला आणि त्याखालच्या 2017 च्या नियमांतल्या 15 व्या नियमाने सांगितले, की संकेतस्थळांवर ठेवायचे दस्तऐवज ईपब किंवा यंत्राला वाचता येईल अशा पीडीएफ रूपात असावेत. 8 नोव्हेंबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी प्रकरणात याच नियमावर बोट ठेवले: त्यातली मानके नुसती शिफारशीसारखी राहतात, कायद्याला ती बंधनकारक हवी आहेत, म्हणून केंद्राने सक्तीची मानके तयार करावीत. संकेतस्थळांसाठीच्या आंतरराष्ट्रीय सुगम्यता मार्गदर्शिकेच्या 2018 च्या आवृत्तीत तर अरुंद पडद्यावर मजकूर वाचताना दोन दिशांना सरकवावे लागू नये, अशी स्पष्ट अपेक्षा आहे. तक्त्यांसारखे अपवाद तिने वेगळे काढले आहेत. कायदा दिव्यांगांसाठी झाला हे खरे, पण चाळिशी सगळ्यांनाच गाठते. अंध विद्यार्थ्याला वाचून दाखवता येणारी फाइल चष्मा घरी विसरलेल्या शेतकऱ्यालाही उपयोगी पडते, आणि कन्नड कानाने कळणारा पण लिपी न येणारा माणूस तर या भागात गल्लोगल्ली आहे. उतारा मोठ्याने वाचून दाखवणारा मोबाइल त्याच्यासाठी केवढी मोठी गोष्ट ठरेल!

यावर सीमाभागातून येणारा पहिला आक्षेप ठरलेला आहे, आणि तो हलका नाही. आमचा प्रश्न भाषेचा आहे; मराठीत कागद द्या ही मागणी दशकानुदशके पडून आहे, भाषिक अल्पसंख्याकांना दिलेल्या आश्वासनांतच ठरावीक प्रमाणाहून अधिक लोकसंख्या असेल तिथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेत देण्याचे मान्य केलेले आहे, आणि तुम्ही अक्षर मोठे करण्याच्या गोष्टी सांगता? मागणी रास्त आहे, आणि पडद्यावरच्या कोणत्याही सोयीने ती फिटत नाही. पण तिच्या पूर्ततेचा क्षण डोळ्यांसमोर आणून पाहावा. उद्या मराठी परिपत्रक निघाले आणि तेही छापून, शिक्का मारून, वाकडे स्कॅन करून टाकले, तर वाचकाच्या हाती पुन्हा 4 पॉइंटचे चित्रच येणार. फरक इतकाच की न दिसणारी अक्षरे आता मराठी असतील. उलट आजची कन्नड फाइल जर खऱ्या मजकुराची असेल, तर तिच्यातला परिच्छेद उचलून भाषांतराच्या साधनात टाकता येतो आणि निदान विषय काय, मुदत कोणती, कोणत्या कार्यालयात जायचे एवढे तरी संध्याकाळपर्यंत कळते. अशा भाषांतरावर सही करू नये, कोर्टात ते दाखवू नये. पण दुसऱ्या दिवशी कोणाला विचारायचे हे ठरवायला ते पुरते. भाषेची मागणी आणि वाचनीय फाइलची मागणी एकाच निवेदनात मावतात. किंबहुना दुसरी मागणी कन्नड वाचकाच्याही हिताची असल्याने तिच्यावर भांडण उभे राहण्याचे कारण नाही, आणि या भागात अशा मागण्या फार नाहीत.

दुसरा आक्षेप तरुणांच्या नावाने येतो: त्यांना हे सगळे येते, घरातल्या नातवाला विचारा. नातवाला चित्रफीत कापता येते, तिला गाणे लावता येते, यात शंका नाही. पण दस्तऐवज वाचण्याच्या सवयी त्यातून आपोआप येत नाहीत. निपाणीला लागूनच, पण कागल तालुक्यात असलेल्या अर्जुननगरच्या देवचंद महाविद्यालयात शिकणारा विद्यार्थी घरी कर्नाटकात राहतो आणि अभ्यासक्रम कोल्हापूरचा शिकतो. बेळगावातला राणी चन्नम्मा विद्यापीठाचा. दोघांच्याही वाट्याला शेकड्याने पाने पीडीएफ रूपात येतात. प्रकरणांची यादी कशी उघडायची, खूण कुठे ठेवायची, शोधताना शब्दाचे कोणते रूप टाकायचे, हे त्यांना शिकवणारा तास कोणत्याही वेळापत्रकात नाही. ग्रंथालयांनी हे काम अंगावर घ्यावे असे माझे मत आहे. वाचकाला पुस्तकापर्यंत नेणे हा त्यांचाच जुना धर्म. प्रत्येक सत्राच्या सुरुवातीला एक तास पुरेल.

तिसरा आक्षेप कार्यालयातून येतो आणि त्यात कायद्याचा सूर असतो: दस्तऐवजाचे मूळ रूप पवित्र, ते वाचकाने बदलू नये. इथे फाइल आणि तिचे दर्शन यांत गल्लत आहे. दृश्य फिरवले, रंग उलटा केला, मजकूर मोठा केला, तरी फाइलमधले एकही चिन्ह हलत नाही, आणि तिच्यावरची डिजिटल सहीही शाबूत राहते. सही मोडते ती वेगळ्याच गोष्टीने. पीडीएफ नीट दिसत नाही म्हणून माणूस तिचा स्क्रीनशॉट काढतो आणि व्हॉट्सॲपवर पुढे पाठवतो. तिथे सही, मजकूर, उरलेली पाने सगळेच गळून पडते. म्हणजे वाचनाची अडचण हीच मूळ रूपाची खरी शत्रू. सहीजवळ दिसणाऱ्या पिवळ्या प्रश्नचिन्हाचेही तसेच. अनेकांना तो उतारा खोटा असल्याचा पुरावा वाटतो. बहुतेकदा त्याचा अर्थ एवढाच, की त्या साधनात सही देणाऱ्या भारतीय यंत्रणेवर विश्वास ठेवण्याची नोंद अजून केलेली नाही. मोबाइलवरचे बरेच दर्शक तर सही तपासतच नाहीत, नुसते तिचे चित्र दाखवतात. हे सांगणारी दोन ओळींची सूचना प्रत्येक उताऱ्यासोबत द्यायला खर्च काय?

मग सरळ छापून का घेऊ नये, असे कोणी म्हणेल. घ्यावेच. मजकूर समजायला कागद सरस आहे, हे वरच्या आढाव्यातच आले आहे. पण छापण्याच्या खिडकीतही एक निवड लपलेली असते: 'पानात बसवा' की 'खरे माप'. परिपत्रकाला याने फरक पडत नाही. मोजणीच्या नकाशाला पडतो. 1:1000 प्रमाणाचा नकाशा 'पानात बसवून' छापला तर तो किंचित आक्रसतो, कोपऱ्यात लिहिलेले प्रमाण मात्र तेच राहते, आणि त्यावर पट्टी ठेवून काढलेले अंतर चुकते. 4 टक्क्यांनी आक्रसलेल्या नकाशावर 50 मीटरचा बांध 48 मीटरचा भरतो. झेरॉक्सच्या दुकानात ही चूक कोणी मुद्दाम करत नाही. बहुतेक वेळा 'पानात बसवा' हीच निवड आधीपासून लागलेली असते. बांधावरून भाऊबंदकी पेटायला दोन मीटर भरपूर झाले.

नव्या काळाचा आक्षेप असा, की आता मोबाइलचा कॅमेराच चित्रातली अक्षरे ओळखतो, तेव्हा फाइल कशीही असली तरी चालेल. सोय मोठी आहे आणि ती दर वर्षी सुधारते आहे. पण फिकट शिक्का ज्याच्यावर बसला आहे ते नाव, तक्त्यातला पुसट आकडा, पाटील-पाटणे यांसारखी जवळची आडनावे, इथेच तिची गफलत होते. आणि उताऱ्यात मोलाची असतात ती नावे आणि आकडेच. कार्यालयाच्या संगणकात जो मजकूर अचूक होता, त्याचे आधी चित्र करायचे आणि मग लाखो वाचकांनी आपापल्या मोबाइलवर त्या चित्रातून मजकूर अंदाजाने परत मिळवायचा, हा उलटा खटाटोप कशासाठी?

एक आक्षेप मात्र मला खरोखर वजनदार वाटतो. काही ठिकाणी चित्ररूप फाइल हा हलगर्जीपणा नसून धोरण असते. निवडणूक आयोगाने 2018 मध्ये मतदार याद्या शोधता न येणाऱ्या रूपात ठेवण्याचे ठरवले, ते मतदारांची माहिती घाऊक उपसली जाऊ नये म्हणून. त्याविरुद्धची मागणी त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने मान्य केली नाही. खासगीपणाची ही काळजी पोकळ नाही. जमिनीच्या नोंदींनाही ती काही अंशी लागू पडेल: गावच्या सगळ्या खातेदारांची नावे, क्षेत्रे, कर्जे एका झटक्यात उतरवून घेणाऱ्याला ती का द्यावीत? पण त्याच मतदार यादीसाठी ओळखपत्राच्या क्रमांकावरून आपले नाव शोधण्याची सोय आयोगाने दिलेली आहे. म्हणजे घाऊक यादी बंद आणि स्वतःची नोंद खुली, असा मार्ग निघतो. उताऱ्यालाही तो चालेल: ज्याचा उतारा त्याला मजकुराच्या रूपात, मोबाइलच्या रुंदीला जुळणारा, 9 वा आणि 11 वा रकाना एकाखाली एक. आणि ज्या कागदात कोणाचेच गुपित नाही, पाणीपट्टीची मुदत, शिष्यवृत्तीचे नियम, पीकविम्याची अधिसूचना, शाळाप्रवेशाचे वेळापत्रक, तिथे खासगीपणाची ढाल पुढे करता येत नाही. तिथे कारण एकच असते: टंकलेला आदेश छापायचा, साहेबांची सही घ्यायची, शिक्का मारायचा आणि स्कॅन करून चढवायचा, ही रीत. ती मोडायची नसेल तर मोडू नये. सहीशिक्क्याच्या चित्राशेजारी त्याच आदेशाची टंकलेली फाइल ठेवावी, जी कारकुनाच्या संगणकात आधीपासून पडून असते. बेळगाव महानगरपालिकेने, निपाणी नगरपालिकेने आपल्या संकेतस्थळांवर एवढे करायला बेंगळुरूच्या परवानगीची वाट पाहण्याचे कारण नाही.